खरं सांगितलं आणि काका यायचे थांबले

वाचकाचा प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे पंचेचाळिशीचे गृहस्थ नोकरी सांभाळून फोटोग्राफीचा छंद जोपासतात, त्यासाठी एक कोर्सही त्यांनी केला आहे. गावातले चौदा हौशी छायाचित्रकार दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात दोन तास जमतात. प्रत्येक जण तीन फोटो आणतो, ते प्रोजेक्टरवर लावून चर्चा होते. ऑगस्टच्या बैठकीत सदुसष्ट वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांनी वारीतला, दिवे घाटातला फोटो दाखवला. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चाललेली म्हातारी बाई. पत्रलेखक म्हणाले, "क्षितिज तिरकं आहे, चेहरा काळा पडलाय, आकाश जळलंय, मागचा विजेचा खांब तुळशीतून उगवलाय. खाली नुसती पायांची गर्दी, त्यात बाईच्या एका पायात निळी चप्पल आणि एका पायात काळी, नजर उगाच तिकडे जाते. काका, हा डिलीट केला असतात तरी चाललं असतं." काका हसले, "बरोबर आहे तुमचं" म्हणाले आणि पुढच्या दोन्ही बैठकांना आले नाहीत. आता पत्रलेखक बोलायला लागले की बाकीचे गप्प होतात. एकानं तर बाजूला घेऊन सांगितलं, "जरा गोड बोलत जा." त्यांचं विचारणं असं: "मी एक शब्दही खोटा बोललो नाही. सगळ्यांनी वा वा करायची असेल तर जमायचं कशाला? गप्प बसू, गोड बोलू की गट सोडू? आणि काकांना फोन करू का?"

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चपलांपाशी थांबले.

तो फोटो पाहून तुम्हाला दोन महिने झाले. मधल्या काळात तुमच्या डोळ्यांखालून किती फोटो गेले असतील! तरीही हा एक तुम्ही मला इतका नीट सांगितलात की न बघताच तो माझ्यापुढे उभा राहिला. आळंदीहून निघालेली, एका पायात निळी आणि एका पायात काळी चप्पल घालून दिवे घाट चढणारी म्हातारी. वाटेत एक तुटली असेल आणि कुणीतरी आपल्याजवळची दिली असेल. मुक्कामाला अंधारात अदलाबदल झाली असेल. काय झालं असेल याचा विचार मी पत्र बाजूला ठेवल्यावरही करत होते. तुम्ही ती गोष्ट चुकांच्या यादीत पाचवी घातलीत. मला वाटतं, त्या फोटोतला खरा ऐवज तोच होता, आणि तो सगळ्यांत आधी तुम्हालाच दिसला होता.

तुम्ही खोटं बोलला नाहीत हे मला मान्य आहे. पण जे बोललात ते पुरतं खरं होतं का, हे आपण जरा तपासून बघू. तुमच्याइतक्याच बारकाईनं बघते, म्हणजे तुम्हालाही पटेल.

क्षितिजापासून सुरुवात करू. घाटात क्षितिज कुठलं? रस्ता चढणीचा, डोंगराची कड उतरती, माणसांची रांगही तिरकी. अशा जागी कॅमेरा कलला होता की नाही हे ओळखायला एखादी उभी वस्तू शोधावी लागते, आणि ती तुमच्याच यादीत आहे: विजेचा खांब. तो सरळ उभा असेल तर कॅमेराही सरळ होता, तिरका होता तो घाट. खांब कसा होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. काकांना फोटो परत मागून एकदा बघा.

मग काळा चेहरा आणि जळलेलं, म्हणजे नुसतं पांढरं होऊन तपशील गेलेलं, आकाश. या दोन चुका म्हणून तुम्ही मोजल्यात, पण त्यांचं मूळ एकच आहे. पालखी घाटात असते तेव्हा पावसाळी ढगांचं आकाश पांढरंफटक असतं आणि त्याखाली, वृंदावनाच्या सावलीत, सावळा सुरकुतलेला चेहरा. या दोन उजेडांतलं अंतर कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. शिवाय कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं दृश्य मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो, त्यामुळे पांढरं आकाश फ्रेममध्ये आलं की तो एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, खाली ओढतो. चेहरा आणखी काळवंडतो. काकांनी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरचा हिशेब हातानं बदलायची सोय, वापरून ते अधिक एक केलं असतं तर चेहरा उजळला असता आणि आकाश पार गेलं असतं. तेव्हा "चेहरा काळा, आकाश जळलंय" हे निदान झालं, औषध तुम्ही दिलंच नाहीत. दिवे घाटात जुनेजाणते काय करतात? रस्त्याकडेच्या उतारावर थोडं वर चढतात आणि कॅमेरा खाली रोखतात. आकाश फ्रेममधून जातं, मागे हिरवा उतार आणि माणसांची रांग येते, चेहरा त्यावर आपोआप उठतो. तो खांबही बहुतेक तिथेच टळला असता. हे एक वाक्य काकांना पुढच्या वारीत उपयोगी पडलं असतं. "काळा" आणि "जळलंय" या दोन शब्दांतून त्यांना पुढच्या वेळी कुठे उभं राहायचं ते कळत नाही.

आणखी एक शंका. वाचनालयाच्या सभागृहात दुपारी पडदे लावून पुरेसा अंधार होतो का? खिडकीतून उजेड येत असेल तर प्रोजेक्टरवरच्या गडद भागातला तपशील पहिला मरतो. घरच्या पडद्यावर काकांना त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसत असतील आणि तुम्हाला सभागृहात काळा डाग दिसला असेल. दोघंही खरंच बोलत होतात.

या सगळ्यातून मला एवढंच म्हणायचं आहे की दुसऱ्याच्या फोटोबद्दल बोलण्याआधी आपल्या मनात एक वाटणी करावी. काही गोष्टी आत्ता, घरी बसून बदलता येतात: थोडा क्रॉप म्हणजे कडा कापणं, थोडं सरळ करणं, रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल) असेल तर सावलीतला चेहरा वर काढणं. काही गोष्टी फक्त पुढच्या वेळी बदलता येतात: कुठे उभं राहिलो, अर्धं पाऊल सरकलो असतो तर खांब सुटला असता का, किती थांबलो. आणि काही गोष्टी ही आपली आवड असते. मला गडद फोटो आवडतात, तुम्हाला लख्ख आवडत असतील. कुठलं बोलणं यातल्या कुठल्या कप्प्यातलं आहे हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. तुम्ही तिन्ही कप्पे एकत्र ओतलेत आणि वर "डिलीट" ठेवलंत. डिलीट हा शब्द मात्र कुठल्याच कप्प्यात बसत नाही.

आता तुमच्या मित्राचा सल्ला, "गोड बोलत जा". तो मला पटत नाही. पुष्कळ जण "फोटो छानच आहे, पण..." असं सुरू करतात आणि शेवटी पुन्हा "बाकी मस्त" म्हणतात. दोन बैठकांत सगळ्यांना ही चाल पाठ होते. मग पहिलं "छान" कुणी ऐकतच नाही, "पण"ची वाट बघत बसतात. तेरा जणांचं "वा, सुंदर" हेही मला तितकंच उणं वाटतं. त्यात कुणी फोटोकडे बघितलेलंच नसतं. पुढच्या वेळी कुणी "सुंदर" म्हणालं की आपुलकीनं विचारा, "काय सुंदर वाटलं? बोट ठेवून दाखवा." चूक दाखवणं त्या मानानं सोपं असतं, चांगलं काय आहे ते नेमकं सांगायला जास्त बघावं लागतं.

मी हे कुठे शिकले ते सांगते. १९८९ च्या सुमाराला मी कॉलेजात होते आणि मामाचा कॅमेरा मागून आणून कृष्णधवल रोल काढायचे. छत्तीस फोटोंचा एक रोल दोन-दोन महिने पुरवायचा. आमच्या गावातल्या छोट्या स्टुडिओचे मालक स्वतः डार्करूममध्ये प्रिंट काढून द्यायचे. एकदा मी शेजारच्या आजींचा फोटो घेऊन गेले. त्या गच्चीवर कुरडया घालत होत्या. फोटोत पाण्याची टाकी होती, टीव्हीचा अँटेना होता, वाळत घातलेली चादर होती आणि एका कोपऱ्यात आजी. मला तो फार आवडला होता. स्टुडिओच्या मालकांनी प्रिंट टेबलावर ठेवली आणि खणातून पुठ्ठ्याचे दोन तुकडे काढले, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे, इंग्रजी एल अक्षरासारखे कापलेले. एकाची पाठ लाल होती आणि तिच्यावर अर्धा गणपती होता, तो अजून आठवतो. ते दोन एल त्यांनी प्रिंटवर समोरासमोर ठेवले, मधे चौकट झाली. मग ती चौकट हळूहळू आवळत म्हणाले, "सांग, कुठे थांबू?"

टाकी गेली. अँटेना गेला. चादर गेली. मी काही बोलले नाही. आजींचे हात, सोऱ्या आणि अर्धा चेहरा उरला. ते आणखी आत यायला लागले तेव्हा मी म्हणाले, "थांबा, सावली हवी." आजींच्या पुढ्यात त्यांची वाकलेली सावली पडली होती, कुरडयांच्या ओळींवर. मला ती तोवर दिसलीच नव्हती. ते "बरं" म्हणाले आणि तेवढाच भाग मोठा करून दिला. "तू फोटोत फार काही कोंबतेस" असं ते म्हणू शकले असते, ते खरंही होतं. त्यांनी ते मला माझ्या तोंडून म्हणायला लावलं. पुढच्या रोलपासून कॅमेऱ्यातून बघताना मला ते दोन एल दिसायला लागले.

फोटो काढणाऱ्याची अडचण अशी असते की त्याला फ्रेमबाहेरचंही सगळं आठवत असतं. घाटातला टाळांचा आवाज, अंगावर आलेली पावसाची सर, चढ चढून लागलेली धाप. काका तो फोटो बघतात तेव्हा हे सगळं बघतात. तुम्ही फक्त चौकटीतलं बघता. ही तुमची उणीव नाही, तुमचा उपयोगच हा आहे, कारण काकांना त्यांचा फोटो परक्या डोळ्यांनी कधीच बघता येणार नाही. फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे उभी राहिली १८५४ मध्ये. अवघ्या पंधरा वर्षांत इथल्या लोकांना एकत्र बसून चित्रं बघावीशी वाटली. म्हणून गट सोडू नका. गप्पही बसू नका. तुम्ही बारकाईनं बघता, असा माणूस गटात नसेल तर बाकीच्यांचं नुकसान आहे.

फक्त बोलण्याचा क्रम बदला. आधी तुमची नजर कशी फिरली ते सांगा. "माझे डोळे पहिल्यांदा आकाशाकडे गेले, मग खांबाकडे, मग खाली चपलांवर आले आणि तिथे रेंगाळले. चेहऱ्यापाशी मी सगळ्यांत शेवटी पोचलो." डोळा आधी लख्ख उजेडाकडे धावतो, मग माणसाच्या चेहऱ्याकडे, आणि कुठे अक्षरं दिसली की तीही ओढून घेतात. (वारीच्या फोटोत मागचा जाहिरातीचा फलक किती त्रास देतो ते तुम्हाला माहीत असेलच.) ही तुमच्या नजरेची हकिकत आहे, तिच्यावर वाद होऊ शकत नाही आणि ती कुणाला लागतही नाही. ऐकणारा स्वतःच म्हणतो, "अरे, मला तर आधी चेहरा दिसायला हवा होता."

त्यानंतर विचारा. "तुम्ही नेमके कशापाशी थांबलात?" हा प्रश्न तुम्ही काकांना विचारला नाहीत, आणि सगळ्यांत जास्त मला तेच खटकलं. फोटो पडद्यावर लावणारा प्रत्येक जण परीक्षा द्यायला आलेला असतो असं तुम्ही धरून चाललात. एखाद्याला तो स्पर्धेला पाठवायचा असतो, तिथे काटेकोर बोला, तो त्यासाठीच आला आहे. एखाद्याला नुसतं सांगायचं असतं की मी यंदा वारीला गेलो होतो. कदाचित ती बाई त्यांच्याच दिंडीतली असेल. कदाचित त्यांच्या आईसारखी दिसत असेल. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही.

मग एकच सूचना. पाचांतली सर्वांत उपयोगाची कुठली ते ठरवायला तुम्हालाच जास्त विचार करावा लागेल. बाकीच्या चार वहीत लिहून ठेवा, काकांनी विचारल्या तर सांगा. पाच चुका एकदम ऐकणाऱ्याला त्यातली एकही घरी नेता येत नाही. चौदा माणसांच्या अंधाऱ्या खोलीत, सात फुटी पडद्यावर आपला फोटो लटकत असताना तर नाहीच.

काका सदुसष्ट वर्षांचे आहेत म्हणून त्यांना सूट द्या असं मात्र मी म्हणणार नाही. या वयात कॅमेरा घेऊन जो माणूस घाट चढतो, तो शिकायलाच आला आहे. त्यांना "काका, तुमचं काय, छानच असतं" म्हणणं हाही अपमान आहे. जन्मभर वर्गात उभं राहिलेल्या माणसाला चूक दाखवून घेण्याचं दुःख नसतं. चार जणांत "हे टाकून द्या" ऐकण्याचं असतं.

बैठकीबद्दलही सुचवते, आणि हे इतर गटांनीही करून बघावं. चौदा जणांचे तीन-तीन म्हणजे ४२ फोटो, आणि वेळ दोन तास. एका फोटोच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत. एवढ्या वेळात यादी वाचण्याशिवाय दुसरं काही होऊच शकत नाही. प्रत्येकी एकच फोटो ठेवलात तर साडेआठ मिनिटं मिळतात. त्यातलं पहिलं मिनिट कुणीच बोलायचं नाही, फोटो काढणाऱ्यानंही नाही, नुसतं बघायचं. जमलं तर प्रोजेक्टर बाजूला ठेवून आठ बाय बारा इंचांच्या प्रिंट आणा आणि हातोहात फिरवा. हातात घेतलेल्या फोटोबद्दल माणूस वेगळ्या आवाजात बोलतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

एका बाबतीत मात्र इतकं थांबू नका. कुणी घरट्याचा फोटो आणला, त्यासाठी फांद्या वाकवल्या किंवा छाटल्या असतील, पिल्लांना उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत उघडं पाडलं असेल, तर तिथे कंपोझिशनची, म्हणजे चौकटीतल्या मांडणीची, चर्चा करायचीच नाही. त्याच दिवशी, बाजूला घेऊन, स्पष्ट सांगायचं. तो प्रश्न फोटोचा नाही.

आता काकांचं. फोन करू नका. फोनवर तुम्ही "मी आपलं खरं बोललो, वाईट वाटून घेऊ नका" म्हणाल आणि ते "छे छे" म्हणतील, तिथेच संपेल. घरी जा, आधी कळवून, सकाळी चहाच्या वेळेला. एवढंच म्हणा, "काका, त्या फोटोला मी डिलीट करा म्हणालो ते चुकलं. त्यातल्या दोन रंगांच्या चपला अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत." हे खरं आहे, तुम्ही मला लिहिलंच आहे. मग वारीचे बाकीचे फोटो दाखवायला सांगा. दाखवतील. शंभर असतील तर शंभर बघा आणि त्या दिवशी एकाही फोटोबद्दल तांत्रिक काही बोलू नका, त्यांनी विचारलं तरी. "पुढच्या रविवारी बोलू" म्हणा.

जाताना तुमचा स्वतःचा एक फोटो प्रिंट करून न्या, मनासारखा न आलेला, का फसला ते तुम्हालाही न कळलेला. आणि घरात पडलेल्या एखाद्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे दोन एल कापून न्या. चहा झाला की फोटो टेबलावर ठेवा, ते दोन तुकडे काकांच्या हातात द्या आणि म्हणा, "सांगा, कुठे थांबू?"